मुलाचं हाऊस कुठलं ते कळलं. हाऊस मास्तर कोण?

जून उजाडला की गणवेशाच्या दुकानात एकच गलका असतो. "रेड हाऊस, अठ्ठावीस नंबर दाखवा." "अहो, आमचं ब्लू आहे, ब्लू!" हाऊस म्हणजे शाळेनं वेगवेगळ्या इयत्तांतली मुलं एकत्र करून पाडलेला गट. आपल्या मुलाचं हाऊस आईबापांना तोंडपाठ असतं, कारण त्यावर टी-शर्टचा रंग ठरतो. त्या हाऊसचे सर किंवा मॅडम कोण, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. मुलांनाही येत नाही. मला हे फार खटकतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

हाऊसची ही पद्धत इंग्लंडातून आली हे सगळ्यांना माहीत आहे. तिथं ती कशातून निघाली हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ईटनची शाळा १४४० साली स्थापन झाली. फुकट शिकणाऱ्या सत्तर मुलांची सोय शाळेच्या आत होती. फी भरणारी बाकीची पोरं गावात बिऱ्हाडं शोधून राहायची. त्यांचं जेवणखाण आणि राहणं बघणाऱ्या बायकांना 'डेम' म्हणत. पुढे हळूहळू शिक्षकांनीच ही बिऱ्हाडं चालवायला घेतली. रग्बी गावातल्या अशाच निवासी शाळेत थॉमस अर्नोल्ड १८२८ ते १८४२ हेडमास्तर होते. त्यांनी मुलांची राहण्याची घरं सहशिक्षकांच्या ताब्यात दिली. ईटनमध्ये आज २५ हाऊसेस आहेत, एकेकात सुमारे ५० मुलं. हाऊस मास्तर तिथंच राहतो, आणि मुलांची दुखणीखुपणी बघणाऱ्या बाईंना अजूनही डेमच म्हणतात.

म्हणजे मुळात प्रश्न होता तो परक्या गावात राहणाऱ्या पोराकडे लक्ष कोण देणार, हा. पॉइंट, ढाली आणि मार्चपास्ट ही त्यावरची सजावट.

या पद्धतीची काळी बाजू मी झाकणार नाही. 'फॅगिंग'च्या नावाखाली तिथं लहान मुलांनी मोठ्यांचे बूट पुसायचे, टोस्ट भाजून द्यायचे, आणि चुकलं तर मोठ्या मुलाच्या हातची छडी खायची. हे पिढ्यानपिढ्या चाललं. निवासी शाळांमधल्या लैंगिक अत्याचारांवर इंग्लंडच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये आला. एकाच माणसाच्या हाती मुलांचा पूर्ण ताबा देणं किती घातक ठरू शकतं, ते त्यातून पुन्हा समोर आलं. म्हणून हाऊस मास्तराशिवाय आणखी एक तरी मोठं माणूस मुलाला हक्कानं गाठता आलं पाहिजे. यात तडजोड नको.

तरीही मी या पद्धतीच्या बाजूनं बोलतेय, कारण मी नवोदयची आहे.

जवाहर नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोनांतलं एक हरियाणात झज्जरला, दुसरं आपल्या अमरावतीला. खेड्यातली मुलं परीक्षा देऊन सहावीत येतात आणि तिथंच राहतात. हाऊसेसना डोंगरांची नावं: अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. हाऊसच्या शिक्षकांचं क्वार्टर डॉर्मिटरीला लागून. त्यामुळे रात्रीच्या हजेरीला आमच्या मॅडम यायच्या त्या घरातल्या साडीवर, हातात टॉर्च घेऊन.

आमच्या डॉर्मिटरीत सहावीतली एक मुलगी मेसमध्ये अचानक चमच्यानं जेवायला लागली. पोळीसुद्धा चमच्यानं तोडायची धडपड. आम्ही हसलो. मॅडमनी मात्र पलीकडच्या टेबलावरून तिचे हात पाहिले. बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली होती, आणि 'घरी पाठवतील' या भीतीनं ती गप्प होती. त्या रात्री मॅडमनी तिला नर्सबाईंकडे नेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्याच हाऊसच्या चादरी उकळत्या पाण्यात गेल्या, सगळ्याच मुलींना मलम मिळालं. कुणाचंही नाव निघालं नाही. त्या मुलीला भूगोल कोण शिकवत होतं, वर्गशिक्षिका कोण होती, याच्याशी या सगळ्याचा काही संबंध नव्हता. ती त्या हाऊसची होती, बस्स.

यावर लोक म्हणतील, ते निवासी शाळेचं झालं, आमची मुलं दुपारी दोनला घरी येतात. त्यांना मी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीचं उदाहरण देते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावानं उद्ध्वस्त झालेल्या या शहरात १९५०च्या दशकात मोठ्या सरकारी शाळा उभ्या राहिल्या. मुलं रोज घरी जाणारी. तरी इमारती बांधतानाच हाऊसेसचा विचार केला गेला: हाऊसला स्वतःची जागा, जेवायला आणि जमायला स्वतःची खोली, स्वतःचे प्रमुख शिक्षक. इतक्या गर्दीत पोर हरवू नये, एवढाच त्यामागे हेतू.

आपल्याकडे केंद्रीय विद्यालयांत शिवाजी, टागोर, अशोक, रमण आहेत. खासगी शाळांत रंग आहेत, नद्या आहेत, फुलं आहेत. नावं सुंदर आहेत, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण वर्गशिक्षक दरवर्षी बदलतात. पाचवीत खळखळून हसणारं पोर आठवीत घुमं झालं, तर हा फरक शाळेत कुणाच्या लक्षात येणार? पाचवीतल्या बाईंना ते आता दिसत नाही, आणि आठवीतल्या सरांना ते आधी कसं होतं ते ठाऊक नाही. ही फट भरायला हाऊससारखी दुसरी सोय शाळेकडे नाही, आणि तीच आपण स्पोर्ट्स डे आणि समूहगीत स्पर्धेत घालवतोय. हाऊस मास्तर म्हणजे फक्त रिले रेसची नावं पाठवणारे सर, असं झालंय.

माझं मागणं साधं आहे, फी वाढवायला लागेल असं काही नाही. प्रत्येक हाऊसचे पंचवीस-तीस मुलांचे गट करा, वेगवेगळ्या इयत्तांचे. प्रत्येक गटाला एक शिक्षक द्या, पाचवी ते दहावी तोच. आठवड्यातला एक तास त्यांचा, त्यात पोर्शन नाही, सराव परीक्षा नाही. त्या तासाचा भार शिक्षकाच्या वेळापत्रकातून वजा करा, वरून लादू नका. शिक्षक आधीच वाकलेत.

पालकांनो, या वर्षीच्या पहिल्या पालकसभेत टक्केवारीआधी हे विचारा: माझ्या मुलाच्या हाऊसचे शिक्षक कोण, आणि ते त्याच्याशी एकट्याशी शेवटचं कधी बोलले? ते शिक्षक शाळा सोडून गेले, तर जाण्याआधी नव्या शिक्षकाला समोर बसवून एकेका मुलाबद्दल सांगून जातील का? हे शाळेनं लिहून द्यावं, एवढा आग्रह धराच.