‘शिकवण्यासाठी १० टक्के चालतं’ हा नियम आला कुठून?

सत्र सुरू झालं की मुंबईतल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘शिक्षणासाठी पुस्तकाचा १० टक्के भाग बिनधास्त वाटा. नेटवर आहे ते सगळं खुलंच असतं. खाली लेखकाचं नाव टाकलं की झालं.’ तीन वाक्यं, तिन्ही चुकीची.

१० टक्क्यांचा आकडा ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शिकवण्यासाठी टक्केवारीच नाही. कलम ५२(१)(आय) शिक्षक-विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात प्रत काढू देतं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्यावर प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा ९ डिसेंबर २०१६ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कसोटी सांगितली: शिकवण्यासाठी एवढा मजकूर लागत होता का? म्हणजे अभ्यासक्रमातला बारा पानांचा निबंध अख्खा देता येईल, आणि न लागणारी चार पानंही अडचणीत आणतील. हा निकाल मुंबईत बंधनकारक नाही, वजनदार मात्र आहे.

पण तो खटला छापील झेरॉक्सचा होता. खरा घोळ गुगल ड्राइव्हवर होतो. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हे सेटिंग ठेवलं की पीडीएफ वर्गातून क्लासवाल्यांकडे आणि तिथून टेलिग्रामवर जाते. मग ते शिकवणं उरत नाही, जाहीर प्रसारण होतं. त्यामुळे फाइल गुगल क्लासरूम किंवा मूडलसारख्या ऑनलाइन वर्गात, कॉलेजच्या लॉगिनमागे ठेवा. लागतील तेवढीच पानं स्कॅन करा आणि परीक्षा संपल्यावर फाइल काढून टाका.

नेटवर आहे म्हणून खुलं? हक्क लिहिताक्षणी मिळतो. त्याला नोंदणी लागत नाही, © चिन्हही नाही. लेखकाच्या निधनानंतरच्या जानेवारीपासून तो ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं २०११पासून मोकळं आहे. पु. लं.चं २०६०च्या अखेरपर्यंत नाही. ग्रंथालयाच्या ई-जर्नलांना तर वेगळा करारही लागू असतो. एकाच लॉगिनवरून शेकडो लेख उतरवले, तर प्रकाशक अख्ख्या कॉलेजचा प्रवेश बंद करू शकतो. तिथे पीडीएफ न पाठवता लेखाची लिंक द्या; विद्यार्थी आपापल्या लॉगिनने उघडतील.

नाव टाकल्याने वाङ्मयचौर्याचा आरोप टळतो, परवानगी मिळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे लेखकाने आधीच ठरावीक अटींवर वापर खुला केलेल्या परवान्यांत नाव देणं ही अट असते, पण परवान्याच्या नावातली बाकीची अक्षरंही वाचा: ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, बदललेली आवृत्ती वाटायला मनाई) असेल तर इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतर करून वाटता येत नाही, नाव कितीही ठळक छापलं तरी.