शिक्का म्हणजे नुसती शाई नाही हो!

परत तोच फोन. "मॅडम, द्राक्षाचा कंटेनर आज रात्री न्हावा-शेव्याला पोचवायचाय, पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, तेवढा शिक्का मारून द्या ना." अहो, मारून द्या काय? आयएसपीएम १५, म्हणजे पॅकिंगच्या लाकडातून कीड परदेशात जाऊ नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम, त्याचा उष्णतेच्या ट्रीटमेंटचा शिक्का म्हणजे ते लाकूड भट्टीत गेलंय आणि त्याच्या अगदी गाभ्यात सलग ३० मिनिटं ५६ अंश तापमान राहिलंय, नुसतं वरून गरम लागलं म्हणजे झालं असं नसतं, म्हणून तर जाड फळीला भोक पाडून आत सेन्सर घालतात!

गोडाऊनला जाऊन एक पॅलेट उलटं केलं तर निम्म्या फळ्या बदललेल्या, नव्या कोऱ्या, एकीवर तळहाताएवढी साल तशीच, किड्याने पाडलेल्या भोकाखाली बारीक भुसा, आणि ठोकळ्यावर गव्हाच्या ओंबीचा (हेच त्या शिक्क्याचं चिन्ह) जुनाच शिक्का. साधारण एक तृतीयांशाहून जास्त लाकूड बदललं की जुने शिक्के खोडून सगळी ट्रीटमेंट परत करायची, हे दर सीझनला किती वेळा सांगायचं?

वर फोनवाला विचारतो, "एवढ्याशा किड्यासाठी?" हो, एवढ्याशा किड्यासाठीच! १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आशियाई लांब मिशांचा भुंगेरा सापडला, पॅकिंगच्या लाकडातूनच अमेरिकेत पोचलेला, त्याच्यापायी तिथे हजारो झाडं तोडावी लागली. आणि खेप तिकडे अडली की सडतो तो शेतकऱ्याचा माल, वर्षभराचे कष्ट त्याचे, याचं कुणालाच काही वाटत नाही का?

नाही दिला मी शिक्का. ट्रीटमेंट केलेली दुसरी पॅलेट्स आणायला लावली.