भीड भिकेची बहीण

मागे एकांनी फोनवर अनुवादाचा दर विचारला. मी आकडा सांगितला. पलीकडे शांतता. फार तर तीन सेकंद. तेवढ्यात माझंच तोंड उघडलं, "म्हणजे बघा, तुमच्या बजेटप्रमाणे कमी-जास्त करता येईल." बिचाऱ्याने घासाघीस केलीच नव्हती. बहुतेक आकडा लिहून घेत होता. "बरं, मग थोडं कमी करा," म्हणाला. का नाही म्हणणार?

पंधरा वर्षं हे काम करतेय आणि माझा दर सगळ्यात जास्त वेळा मीच पाडलाय.

भीड भिकेची बहीण, ही म्हण मला लहानपणी उसने पैसे मागणाऱ्यांबद्दलची वाटायची. आता वाटतं, ती दर सांगताना आवाज खाली जाणाऱ्यांसाठीच आहे. पंचाईत अशी की ही भीड चांगुलपणाचे कपडे घालून येते. "ओळखीतले आहेत, पैशांचं काय बोलायचं." "एवढंसं तर काम आहे, देते असंच करून." नाहीतर, "मला कुठे अजून एवढं येतं!" या शेवटच्या भावनेला तर नावही आहे, 'इम्पोस्टर सिंड्रोम'. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये तिच्यावर लिहिलं, ते कर्तबगार बायकांना पाहून. हाताशी पदव्या, कामाचं कौतुक, आणि मनात मात्र धाकधूक, की एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार. अशी बाई पगार वाढवून कशी मागेल?

"आधी काम तर मिळू दे, दर पुढच्या वेळी वाढवू" हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय! ती पुढची वेळ येतच नाही. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांचा 1974 मधला एक प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते आधीच असं करून ठेवलेलं, की एकतर 10 वर थांबेल नाहीतर 65 वर. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के? चक्राचा या प्रश्नाशी काडीचा संबंध नाही. तरी 10 पाहिलेल्यांचा अंदाज 25 च्या आसपास, आणि 65 पाहिलेल्यांचा 45 च्या. आपण भिडेपोटी सांगितलेला पहिला आकडा तसाच खुंटा होऊन बसतो. पुढची सगळी बोलणी त्याच्याच भोवती फिरतात. दोन वर्षांनी दर वाढवला की समोरच्याला वाटतं, हिचं डोकं फिरलं.

"मानसिकता बदला, पैसा आपोआप येईल" असं सांगत फिरणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. ज्याची मजुरी दुसराच ठरवतो आणि आज खाडा झाला तर उद्याची चूल पेटत नाही, त्याच्या कमी कमाईचं खापर त्याच्या मनावर फोडणं हा निव्वळ कोडगेपणा. मी बोलतेय ते, मागायला जागा असून न मागणाऱ्यांबद्दल. म्हणजे माझ्याबद्दल.

आत्मविश्वास वगैरे माझा काही वाढला नाही. उपयोग झाला तो फुटकळ गोष्टींचा. दर आता कागदावर लिहिलेला असतो, मी तो फक्त वाचते. फोनवर कुणी सूट मागितली की "उद्या कळवते" म्हणते, कारण माझी भीड रात्रभरात बरीच उतरते. थकलेल्या बिलाची आठवण करताना "त्रास देतेय, माफ करा" लिहिणं बंद केलं. (हे सगळ्यात जड गेलं. पैसे माझे, आणि माफी मीच मागायची!) आणि याच कामातल्या दोन मैत्रिणींना सरळ विचारलं, तुम्ही किती घेता? दोघींनी आधी विषय बदलला. मग कळलं, एक माझ्या दुप्पट घेते आणि दुसरी माझ्याहूनही कमी.

गेल्या आठवड्यात पुन्हा तसाच फोन. आकडा वाचला आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, म्हणजे बोलताच येऊ नये. पलीकडून आलं, "नाही हो, एवढं नाही जमणार." बरं म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी "थोडं कमी करू का?" असा मेसेज टाइप करून झाला होता. फोन मुलीच्या हातात दिला, म्हटलं उद्या सकाळपर्यंत मला देऊ नकोस. काम गेलं. या महिन्यात ते जाणवतंय.