मी आहे ना किचनमध्ये!

आमच्याकडे स्वयंपाक दोघं मिळून करतात अशी नातेवाइकांत ख्याती आहे. ही ख्याती कुणी पसरवली ते वेगळं सांगायला नको. कुणाचं लग्न असो, बारसं असो, "आमच्याकडे बाबा सगळं दोघं मिळून" हे वाक्य नवरा एकदा तरी टाकतोच आणि मग पंगतीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघून म्हणतात, नशीब काढलंस गं. मी नुसती हसते, कारण माणूस खोटं बोलत नाहीये. मी फोडणीला मोहरी टाकते तेव्हा तो किचनमध्ये असतो आणि शेवटची पोळी डब्यात पडते तेव्हाही असतो, मधल्या वेळात तो बघत असतो एवढंच.

आता बघणं म्हणजे येताजाता डोकावणं वगैरे नाही हं. फ्रिजला पाठ टेकून, एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात मी कुटासाठी भाजलेले दाणे, अशी ठरलेली पोझ असते. आमचा फ्लॅट डोंबिवलीतल्या जुन्या बिल्डिंगमधला, किचनची रुंदी अशी की एकाने खाली वाकायचं असेल तर दुसऱ्याने आधी हॉलमध्ये जायला हवं. त्यात हा नेमका उलथन्याच्या ड्रॉवरसमोर उभा असतो. सरक म्हटलं की लगेच सरकतो, त्यात अजिबात आडमुठेपणा नाही, पण सरकून जिथे जातो तिथे खाली कणकेचा डबा असतो, मग कणीक घ्यायला गेलं की तो सिंकसमोर जातो, आणि मला नेमके तेव्हाच हात धुवायचे असतात. एका पोळीभाजीत त्याचं इतकं सरकून होतं की हातातलं ते स्मार्ट घड्याळ थरथरतं आणि त्याचं दिवसाचं चालणं पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन करतं. माझ्याकडे घड्याळ नाही त्यामुळे माझं कोण करणार.

हे सगळं सुरू झालं 2020 च्या मार्चमध्ये. त्याआधी पोळ्यांना काकू यायच्या, भाजी-आमटी मी ऑफिसला जायच्या आधी उरकायचे, हा आठच्या लोकलला पळायचा, आणि कोण किती काम करतं हा विषय निघायला दोघांना एकत्र घरात असायला लागतं ते आम्ही नसायचोच. मग लॉकडाऊन लागला, काकू बंद, लोकल बंद, आणि दोघांचे लॅपटॉप डायनिंग टेबलावर. पहिल्याच आठवड्यात मी जाहीर केलं की आता कामं अर्धी अर्धी. त्याला तत्त्व एकदम पटलं. तत्त्वं त्याला नेहमीच पटतात. तेव्हा घरोघरी ती दालगोना कॉफी फेटायची साथ आली होती बघा, इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी समप्रमाणात घेऊन हात मोडेपर्यंत फेटायचं, तर आमच्याकडे ती खरंच अर्धी अर्धी वाटून झाली, मी फेटली आणि त्याने चारशेपर्यंत मोजलं. शेवटी दमला बिचारा.

सासूबाई सांगलीला असतात, व्हिडिओ कॉलवर त्यांना मागे गॅस आणि पुढे मुलगा दिसला की त्यांचा जीव कासावीस होतो. "अरे बाळा, किती वेळचा उभा आहेस, बस की जरा." मी म्हटलं अहो आई, कणीक मी मळतेय. तर म्हणाल्या ते दिसतंय गं, पण सोबतीला आहे ना तो, ह्याचे वडील तर कधी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. हे मात्र अगदी खरं. माझे सासरे पाणी प्यायला स्वयंपाकघरात यायचे नाहीत, पाणी त्यांच्याकडे जायचं. त्या हिशोबाने एका पिढीत पुरुष बैठकीच्या खोलीतून फ्रिजपर्यंत आलाय आणि हे अंतर काही कमी नाही, ओट्यापर्यंतचं राहिलेलं दीड पाऊल बहुतेक आमच्या सुनेच्या वाट्याला येईल.

मला कुणी विचारलं की सगळ्यात अवघड पदार्थ कोणता, तर मी पुरणपोळी सांगणार नाही, अनारसे पण नाही. सगळ्यात अवघड म्हणजे "काही मदत करू का?" ह्या प्रश्नाचं उत्तर. एक तर हा प्रश्न येतो कधी, तर भाजी वाफेवर, भात निवतोय, कोशिंबिरीवर फोडणी पडलीये आणि माझ्या हातात शेवटची पोळी आहे तेव्हा. नाही म्हटलं की "बघ हं, मी विचारलं होतं" हे रेकॉर्डवर जातं. हो म्हटलं तर त्याला झेपेल, भाजणार नाही, कापणार नाही आणि ज्याच्या वाचून जेवण अडणार नाही असं काम तिथल्या तिथे शोधून काढायला लागतं, आणि ते शोधेपर्यंत तव्यावरची पोळी करपते. बहुतेकदा मी लसूण देते सोलायला. लसूण तो फार मन लावून सोलतो, प्रत्येक पाकळीचं ते पातळ पापुद्र्यासारखं असतं ना तेही काढतो, मधे मॅच चालू असते, आणि अर्ध्या तासाने वाटीत पाच पाकळ्या आणून ठेवतो तेव्हा आमटीला उकळी येऊन गेलेली असते. त्या पाच पाकळ्या मी उद्यासाठी ठेवते. उद्या पुन्हा विचारलं तर द्यायला लसूण शिल्लक आहे की नाही हेही बघून ठेवते.

कुकरचं तर विचारूच नका. मी अंघोळीला जाताना एवढंच म्हटलं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. बाथरूमच्या दारावर टकटक. "अगं, आत्ता एक झाली पण ती फुसकी होती, ती धरायची का?" मी आतून ओरडले नको धरू. परत टकटक. "मग आता जी झाली ती पहिली की दुसरी?" बाहेर येऊन बघते तर डाळ अशी काही एकजीव झालेली की वरण म्हणून वाढावं की पिठलं म्हणून ते कळेना. ह्यावर मला ऐकायला काय मिळालं, तर शिट्ट्या मोजणं हेच मुळात अशास्त्रीय आहे. शिट्टी म्हणजे नुसती जादाची वाफ बाहेर पडते, आत दाब वाढल्यामुळे पाणी शंभर अंशाला न उकळता एकशेवीसच्या आसपास जातं म्हणून डाळ पटकन शिजते, तेव्हा दाब भरला की गॅस बारीक करून घड्याळ लावायचं, शिट्ट्या मोजायच्याच नाहीत. आणि ह्यातला वैताग म्हणजे हे सगळं बरोबर आहे. चुकीचं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

ज्ञान त्याच्याकडे भरपूर आहे. रात्री झोपताना तो कांदा कसा चिरावा ह्याचे व्हिडिओ बघतो, मोठ्या सुऱ्या, लाकडी पाट, दाढीवाला कुणीतरी न बोलता सटासट चिरतोय, हे तो तासभर बघू शकतो. त्यामुळे मला आता कांदा मुळाकडून कापत नाहीत, आधी फ्रिजमध्ये ठेवला तर डोळे कमी झोंबतात, लोखंडी कढईत टोमॅटो शिजवून ठेवू नये, अशी सगळी माहिती काम चालू असताना मिळत राहते. भेंडी चिरताना कुणी मागून "अगं पुसून घेतलीस ना?" असं विचारलं की हातातली सुरी कुठे ठेवू असं होतं. पुसूनच घेते रे बाबा, माझ्या आईच्या हाताखाली शिकलेय मी.

एकदा सकाळी असाच टेकून उभा राहून त्याने मोबाईलवर आलेली बातमी मोठ्याने वाचली. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ वापर सर्वेक्षणातले आकडे होते. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष 97 मिनिटं, ते पण जे करतात त्यांची सरासरी, कारण मुळात दिवसात असं काही काम करणारे पुरुषच शंभरातले 26. मला वाटलं आता हा गप्प होईल. तो खुलला! म्हणाला, सत्त्याण्णवच? मी तर सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास तरी असतो इथे. म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा माझा नवरा वर आहे आणि मला त्याचं काही कौतुक नाही असा त्या सकाळचा एकंदर सूर होता. मी तेव्हा घावन उलटत होते, विषय वाढवला असता तर घावन मोडलं असतं.

पण ह्या सगळ्याचा कळस म्हणजे गणपती. उकडीचे मोदक. ज्याने केलेत त्यालाच माहितीये की त्या दिवशी किचनमध्ये एक सुद्धा जास्तीचा श्वास परवडत नाही. आंबेमोहोराची पिठी, पाण्याला उकळी, त्यात चिमूट मीठ, चमचाभर तूप, पिठी घालून ढवळून झाकण, दोन वाफा, आणि मग ती उकड परातीत काढून चटके सोसत तेलपाण्याचा हात लावून मळायची, गार झाली की पारीला चिरा पडल्याच म्हणून समजा. सारणातला गूळ जास्त आटला तर ते कडक होणार आणि कमी आटला तर मोदक खालून पाझरणार. हे सगळं सोवळ्यात नसलं तरी मौनात करायचं असतं असं माझं मत आहे. आणि इथे फ्रिजपाशी, कळ्या अकरा पाडायच्या की एकवीस? विषमच हव्यात ना? मागच्या वर्षी तुझ्या जास्त बारीक आल्या होत्या. कडेने अजून पातळ कर. हां, अस्सं. थांब थांब, हात तसाच ठेव, व्हिडिओ घेतोय.

मोदकपात्रातून पहिला घाणा काढला, वर तुपाची धार सोडायच्या आत ह्याने त्याच्यावर झुकून फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, "आमचे ह्या वर्षीचे मोदक". आत्यांचे, मावश्यांचे, पार अमेरिकेतल्या चुलतभावाचे नमस्कार आणि बदाम आले. एका काकांनी लिहिलं, वा, तुझ्या हाताला चव आहे. ह्याने त्याला हात जोडलेला इमोजी पाठवला! मी विचारलं हे काय, तर म्हणे आता एवढ्या वयस्कर माणसाला कुठे समजावत बसू.

तर शेवटी मी सरळ वार लावून दिला. रविवारचा नाश्ता तुझा, कांदेपोहे, आणि त्या वेळी मी किचनमध्ये पाऊल टाकणार नाही. पहिल्या रविवारी मी चहा घेऊन हॉलमध्ये पेपर उघडला आणि आतून आवाज, "हिंग कुठाय?" मिसळणाच्या डब्याच्या मागे. "मिसळणाचा डबा कुठाय?" अरे रोज फ्रिजला टेकून समोर बघतोस ना, तिथेच. "मीठ चवीनुसार म्हणजे किती ग्रॅम?" हा प्रश्न गंमत म्हणून नव्हता, त्याने वजनकाटा मागवला होता, डिजिटल. मोहरी तडतडली म्हणजे किती तडतडली की शेंगदाणे टाकायचे, कांदा गुलाबी म्हणजे कितपत गुलाबी, पोहे चाळणीत धुवून निथळायला ठेवलेत पण ते भिजले हे ओळखायचं कसं. पोहे दोन बोटांत दाबून बघ, हे सांगताना मी पेपरची तीच ओळ पुन्हा वाचत होते. शेवटी राहवेना म्हणून उठले आणि नुसती दारात जाऊन उभी राहिले, तोंडातून अक्षर काढलं नाही. तर वळून काय म्हणावं त्याने, "असं मागे उभी राहू नकोस गं, मला सुचत नाही."

पोहे चांगले झाले होते. हे सांगितलं पाहिजे, मऊ, मोकळे, वर खोबरं-कोथिंबीर, लिंबाची फोड सुद्धा बी काढून. साडेअकराला मिळाले पण चांगले होते.

मी आत गेले तेव्हा सिंक दिसत नव्हतं. त्या व्हिडिओतल्या दाढीवाल्याकडे प्रत्येक जिन्नस आधी वेगळ्या वाटीत काढून ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे मोहरीला वाटी, हळदीला वाटी, कढीपत्त्याला वाटी, चार मिरच्यांना ताटली, दोन कढया (पहिली "जरा लहान पडली"), तीन झारे, चाळणी, परात, आणि वजनकाट्याची काच हळदीने पिवळी. दुपारी भांडीवाल्या मावशी आल्या, दारातूनच बघितलं आणि मला म्हणाल्या, "वहिनी, पाहुणे किती होते?" कुणी नव्हतं म्हटलं, ह्यांनी पोहे केले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन रविवार मावशींच्या जावेचं कायतरी दुखत होतं.

त्यानंतर त्या आल्या आणि स्पष्टच म्हणाल्या, साहेबांचा वार असेल त्या दिवसाचे वेगळे पैसे पडतील. मी काही म्हणायच्या आत नवऱ्याने फ्रिजपासूनच हात वर केला आणि म्हणाला ते मी देईन, महिन्याला दोनशे, ठरलं. आता दर महिन्याच्या एक तारखेला तो ते पैसे मावशींच्या हातात देतो आणि त्या गेल्या की माझ्याकडे वळून म्हणतो, भांड्यांचं पण अर्धं मी बघतो हं.