असू दे, लागलं तर!

मित्र म्हणाला, "रविवारी ट्रेकला चल, एकदम सोप्पा आहे." मी हो म्हणालो आणि शनिवारी रात्री बॅग भरायला बसलो. छत्री घेतली, असू दे. छत्री उडाली तर म्हणून रेनकोट, असू दे. एक टॉवेल, टॉवेल भिजला तर दुसरा टॉवेल, एक जाडजूड कादंबरी (वर निवांत बसून वाचू), डिओ, अख्खी टूथपेस्ट. दिवसाच्या ट्रेकला दात नक्की कधी घासणार होतो ते मलाही माहीत नाही, पण असू दे. पाणी मात्र अर्धा लिटर, कारण पाणी जड असतं ना!

सकाळी पायथ्याशी मित्राने माझी बॅग एका हाताने उचलायला बघितली आणि ती उचललीच गेली नाही. "किती किलोची आहे रे?" "अकरा." माझं वजन पासष्ट. तो म्हणाला एक दिवसाच्या ट्रेकला आपल्या वजनाच्या दहाव्या भागापर्यंत ओझं ठीक, म्हणजे तुला साडेसहा किलो, आणि त्यातही पाणीच दोन-तीन किलो हवं कारण चालताना तासाला साधारण अर्धा लिटर लागतं. मग गाडीच्या बॉनेटवर माझा संसार मांडला गेला. येणारे-जाणारे थांबून बघत होते, एका काकूंना तर मी टॉवेल विकतोय असंच वाटलं असावं.

मग त्याची नजर माझ्या जीन्सवर गेली. म्हणाला, "ही घामाने भिजली की वाळत नाही, जड होते आणि मांड्या सोलवटतात." टीशर्टही कॉटनचा, म्हणजे तोही घाम पिऊन बसणार आणि वर वारा लागला की तोच ओला टीशर्ट थंडी वाजवणार. पॉलिस्टरचे कपडे लगेच वाळतात म्हणे. आणि बूट? बूट कोरे करकरीत, खास ट्रेकसाठी आदल्याच दिवशी घेतलेले. ते बघून तो काही बोललाच नाही, नुसती बँडेजची पट्टी काढून माझ्या हातात दिली.

ह्या सगळ्या अपमानानंतर मला एकदम वैराग्य आलं. डिओ काढला, कादंबरी काढली आणि त्याच झटक्यात टॉर्चपण काढून सीटवर टाकली. दिवसाचा ट्रेक आहे, टॉर्च कशाला!

१८९२ साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने हिशोब मांडून ठेवलाय की दर ५ किलोमीटरला १ तास आणि चढ असेल तर दर ६०० मीटरला अजून १ तास. आमचा ट्रेक जाऊन-येऊन दहा किलोमीटर, चढ ६०० मीटर, म्हणजे तीन तास. पण त्या भल्या माणसाने माझी जीन्स धरली नव्हती. शिवाय बॅग रिकामी करण्यातच अकरा वाजलेले.

चढताना टाचेला फोड. उतरताना तर विचारू नका, प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या पुढच्या भिंतीवर आपटत होती, आणि बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा असतो, नखं आदल्या दिवशी कापायची असतात, हे ज्ञान मला तेव्हा मिळालं जेव्हा मी खेकड्यासारखा तिरका उतरत होतो. अर्ध्या वाटेत अंधार पडला. फोन काढला तर बंद, कारण रेंज नसली की तो सतत रेंज शोधत बॅटरी खातो, आणि ह्या पठ्ठ्याने स्वतःचा फोन सकाळीच फ्लाइट मोडवर टाकलेला पण मला सांगितलं नव्हतं. त्याच्या कपाळावर एक हेडलॅम्प, त्यात आम्ही दोघं. तो मान वळवेल तिकडे माझा पाय.

खाली पोचलो तेव्हा लांबूनच गाडीत उजेड दिसला. मित्र घाबरला, कोणीतरी आत आहे म्हणाला. दबकत जवळ गेलो. सकाळी फेकताना बटण दाबलं गेलं असणार, माझी टॉर्च सीटवर आडवी पडून दिवसभर इमानेइतबारे गाडीचं छत उजळत बसली होती.