अस्वलाच्या पाहुणचाराविषयी काही सूचना

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवरील ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये लाँग वीकेंडला केबिन घेऊन राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींची परतल्यावर एकच तक्रार असते, की एवढी गाडी हाकत गेलो, पण अस्वल काही दिसले नाही. त्या राष्ट्रीय उद्यानात सुमारे १,९०० काळी अस्वले असताना ही नामुष्की ओढवते, याचा अर्थ यजमान म्हणून आपणच कमी पडतो.

अस्वलाला मैलभराहूनही लांबचा वास येतो. तेव्हा बार्बेक्यूच्या जाळीवरची चरबी खरवडत बसू नये, आणि रात्रीचे उरलेले तंदुरी चिकन अस्वलाला उघडता न येणाऱ्या त्या लोखंडी कचरापेटीत कोंडण्याचा कद्रूपणाही करू नये. ओसरीवर पक्ष्यांच्या नावाने सूर्यफुलाचे दाणे टांगले, तर फारच उत्तम. हिवाळ्यापूर्वी अस्वल दिवसाकाठी २०,००० कॅलरींपर्यंत खाऊ शकते. त्यासाठी बिचाऱ्याने ओकची फळे वेचत रानभर का हिंडावे? एकदा चटावले, की ते पुढच्या भाडेकरूंकडेही न बोलावता येते, आणि माणसांची भीती पार मोडली, की अनेकदा त्याला ठार करण्याची वेळ येते. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपल्याकडे म्हणतात. इथे सोकावते अस्वल आणि मरतेही तेच, एवढाच काय तो फरक.

उद्यानात अस्वलाच्या ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर, आत मुद्दाम जाणे बेकायदा आहे. परंतु तेवढ्या अंतरावरून काढलेल्या फोटोत ते अस्वल आहे की गाडीचा टायर, हे पुण्यातल्या मावशींना कळणार नसल्याने पुढे सरकणे भागच आहे. पिल्लू दिसल्यास आईची चौकशी करू नये. ती स्वतःच ओळख करून द्यायला येते.

प्रसंग बिघडलाच, तर लहानपणी ऐकलेली दोन मित्रांची गोष्ट आठवावी. पहिल्या मित्रासारखे झाडावर चढावे, म्हणजे काळे अस्वलही मागोमाग, आपल्याहून सफाईने, चढून येईल आणि वर एकटे वाटणार नाही. नाहीतर दुसऱ्यासारखे श्वास रोखून निपचित पडावे. उद्यानाचे अधिकारी मात्र पळू नका, त्याच्यावर नजर ठेवून सावकाश मागे सरा आणि काळ्या अस्वलाने हल्ला केलाच, तर हाती लागेल त्याने प्रतिकार करा, असे भलतेच सांगतात. बहुधा त्यांना शाळेत ही गोष्ट नव्हती. पळण्याची हौस असल्यास अस्वलाचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो, हे ध्यानात ठेवून बूट निवडावेत.

गाडीला कुलूप तर मुळीच लावू नये, कारण अस्वलाला दाराची मूठ ओढता येते. आतून दार उघडणे तेवढे त्याला साधत नाही. जून २०२२ मध्ये सेव्हियरव्हिल येथे एका भाड्याच्या केबिनबाहेर उभ्या असलेल्या गाडीत असाच एक पाहुणा शिरला, दार मागे लागले आणि उन्हात तापलेल्या त्या गाडीतच त्याचा जीव गेला. आत सोड्याचा एक रिकामा कॅन आणि खाऊचे एक पाकीट होते. आपल्या गाडीत तर चकल्यांचा अख्खा डबा असतो.