गेलोच नाही, तर पैसे कसले?

‘दवाखान्यात गेलोच नाही, तर पैसे कसले? ही लूट आहे, कायद्याने गुन्हा आहे,’ असा मेसेज सध्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. अपॉइंटमेंट घेऊन न आल्यास काही दवाखाने पैसे घेतात, त्याबद्दल. दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटची वही मी सांभाळते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘कामच झालं नाही’ हे पहिलं म्हणणं. रूट कॅनालच्या एका सिटिंगला तासभर धरावा लागतो. तुम्ही यायच्या आधीच आरसे, चिमटे, दात आतून साफ करायच्या बारीक फाइली धुऊन, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवलेल्या असतात. तापायला आणि वाळायला लागणारा वेळ वेगळाच. स्पेशालिस्ट डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून दोनदाच येतात, तेही वहीत नावं असलेल्यांसाठी.

‘मग दुसऱ्याला बसवा’ हे वाचून मात्र खरंच वाईट वाटतं. मागच्या महिन्यात गाल सुजलेल्या एका आजी काठी टेकत आल्या. अकराची वेळ दुसऱ्यांना दिलेली होती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, मी गुरुवारची वेळ दिली, आणि आजी रिक्षाने परत गेल्या. अकराचे पेशंट आलेच नाहीत. साडेअकराला फोन केला, तर ‘अहो, विसरलोच!’ आता आजींना कुठून परत बोलावू?

‘कायद्याने गुन्हा’ हे साफ चूक. करार मोडला तर किती रक्कम द्यायची हे आधी ठरवता येतं, असं भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं. मात्र त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित ठरवलाय. म्हणजे आधी न सांगता पैसे कापले, किंवा पूर्ण फी उकळली, तर तक्रार जरूर करा. तिथे मी तुमच्याच बाजूची.

‘डॉक्टर आम्हाला दोन-दोन तास ताटकळत ठेवतात, त्याचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. आमच्यामुळे उशीर झाला तर आम्हीही फी कमी करायला हवी, हे मी डॉक्टरांनाही सांगितलंय.

आदल्या संध्याकाळी सातपर्यंत फोन केलात, तर आमच्याकडे एक रुपयाही लागत नाही. वेटिंगवरच्या नावांना मी लगेच फोन लावते, आणि बहुतेक वेळा कुणीतरी ‘येतो’ म्हणतंच.